शिस्त : एका शब्दाची आणि बंदुकीच्या नजरेची गोष्ट

गेल्या वर्षी इतिहासाचे सर रजेवर होते, म्हणून आठवीचे दोन तास माझ्याकडे आले. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास माझा विषय नाही, आवड आहे. धडा होता १८५७ चा. मी नेहमीप्रमाणे काडतुसांची गोष्ट सांगितली. गायीची चरबी, डुकराची चरबी, दाताने तोडायचं कागदी वेष्टण, मग मंगल पांडे, मग मेरठ. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, काडतूस बदललं म्हणून भांडण झालं, हे कळलं. पण बंदूकच कशाला बदलली? जुनीला काय झालं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. "नवीन बंदूक जास्त चांगली होती," एवढंच म्हणालो. ती गप्प बसली, पण माझं समाधान झालं नाही. चांगली म्हणजे नेमकी कशी? ते शोधायला लागलो आणि पहिला धागा सापडला तो माझ्याच विषयात, एका शब्दात.

तो शब्द म्हणजे 'शिस्त'. शाळेत आपण तो दिवसातून दहा वेळा वापरतो. रांगेत उभं राहणं म्हणजे शिस्त, गप्प बसणं म्हणजे शिस्त. पण उर्दूत आजही 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणं. मूळ फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात जी अंगठी घालतो तीही. शहाजहानची अशी एक जेडची अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तिरंदाजाच्या अंगठ्यावरून शब्द नेमाकडे गेला आणि पुढे बंदुकीच्या नेमाला चिकटला. जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच होतं. नेम सरळ रेषेत असतो, म्हणून सरळ रेषेला शिस्त, आणि तिथून माणसांच्या रांगेला शिस्त. आपण फक्त शेवटचा अर्थ जपला.

बंदुकीवर नेम धरण्यासाठी जी खूण असते तिलाही आपल्या भाषांत घरगुती नावं आहेत. नळीच्या टोकाशी असलेल्या बारीक उंचवट्याला हिंदी-उर्दूत 'मक्खी' म्हणतात, मराठीत 'माशी'. उर्दूत 'दीदबान' हाही शब्द आहे. त्याचा दुसरा अर्थ पहारेकरी. तोड्याच्या हिंदुस्थानी बंदुकांना पुढे माशी आणि मागे खाच असलेली पट्टी असे. खाचेतून माशी दिसली आणि माशीवर सावज बसलं की चाप ओढायचा.

अशा बंदुकीने काय होऊ शकतं याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अकबराचं आहे. १५६८ च्या फेब्रुवारीत चितोडच्या वेढ्यात रात्री तटाच्या खिंडाराजवळ दुरुस्तीवर देखरेख करणारा एक सरदार अकबराला दिसला. त्याने आपल्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीने गोळी झाडली. तो सरदार किल्ल्याचा प्रमुख जयमल होता. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या एका बंदुकीने मारलेल्या जनावरांचा आकडाही दिला आहे : १०१९. दरबारी लेखक बादशहाचं कौतुक करणारच, हे धरूनही एक गोष्ट उरते. चांगली बंदूक, बसलेला हात आणि तयार नजर यांचा मेळ आपल्याकडे नवा नव्हता.

पण बादशहाची निवडक बंदूक वेगळी आणि शिपायाची बंदूक वेगळी. कंपनी सरकारच्या शिपायाच्या खांद्यावर जी 'ब्राऊन बेस' होती, तिची नळी आतून गुळगुळीत होती. गोळी नळीपेक्षा लहान, त्यामुळे ती आत आपटत बाहेर पडायची. मागची पट्टी नव्हतीच. पुढे संगीन अडकवण्यासाठी जो खुंट होता, तोच माशीचं काम करी. शंभर यार्डांच्या पुढे एका माणसावर नेम धरणं व्यर्थ होतं. म्हणून सगळ्या रांगेने एकदम बार काढायचा. इथे शिस्तीचा एक अर्थ, नेम, हरवला होता आणि दुसरा, रांग, तेवढा उरला होता.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली आणि हे बदललं. तिच्या ०.५७७ इंची नळीत पीळदार खाचा होत्या. गोळी लांबुळकी होती. बार होताच तिचा मागचा भाग पसरे, खाचांत बसे आणि ती स्वतःभोवती फिरत जाई. फिरणारी गोळी भरकटत नाही. मात्र यातून एक नवी अडचण आली. नजर सरळ जाते, गोळी सरळ जात नाही. ती क्षणाक्षणाला खाली पडत असते. म्हणजे लांब मारायचं तर नळी थोडी वर रोखावी लागते. किती वर? अंतर बदललं की उत्तर बदलतं. जवळच्या शत्रूसाठी लावलेली पट्टी लांबच्यासाठी निरुपयोगी, आणि लांबची जवळ निरुपयोगी. मग एकाच बंदुकीवर दोन्ही कामं करणारी नजर कशी बसवायची?

एन्फिल्डवर याचं उत्तर एका छोट्या घडीच्या शिडीने दिलं होतं. ती आडवी असताना तिच्याखाली पायऱ्या होत्या : १००, २००, ३०० आणि ४०० यार्डांसाठी. त्यापुढचं अंतर असेल तर शिडी उभी करायची आणि तिच्यावरची सरकपट्टी आकड्यावर आणायची, थेट ९०० यार्डांपर्यंत. बोटभर धातूच्या त्या तुकड्यात जवळ आणि दूर दोन्ही मावलं होतं. आजही सैन्यासाठी रायफलीची दुर्बीण निवडताना प्रश्न हाच असतो : खोलीतला शत्रू आणि डोंगरावरचा शत्रू एकाच काचेतून कसा दिसेल? म्हणून आता एकपटीपासून सहा-आठपटीपर्यंत मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणी वापरतात. साधन बदललं, अडचण तीच आहे.

शिडी नुसती असून भागत नाही, ती लावणारा माणूस शिकलेला लागतो. सहाशे यार्डांवर लावलेली एन्फिल्डची गोळी वाटेत माणसाच्या डोक्यावरून बरीच उंच जाते आणि शेवटी तिरकी खाली येते. अंतर पन्नास यार्डांनी चुकलं तर गोळी वाया. म्हणून इंग्लंडमध्ये हाइद इथे १८५३ मध्ये खास शाळा निघाली. तिथे नेमाइतकंच अंतर ओळखायला शिकवत. हिंदुस्थानात याच शिक्षणासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे केंद्रं उघडली. वेगवेगळ्या पलटणींतून निवडलेले शिपाई तिथे पाठवले गेले. जानेवारी १८५७ मध्ये चरबीची बातमी फुटली ती डमडमला, याच शाळेत.

इथे मला त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागलं. आपल्या धड्यात तो शिपाई अडाणी, सोवळ्या-ओवळ्यात अडकलेला माणूस दिसतो. हिंदू शिपाई गायीसाठी चिडला, मुसलमान शिपाई डुकरासाठी. खरं तर तो नवं तंत्र शिकायला गेलेला माणूस होता. त्याचा आक्षेप रायफलीवर नव्हता. चरबीच्या काडतुसावर होता, आणि विचारल्यावर सरळ उत्तर न देणाऱ्या सरकारवर होता. पुढे सरकारने दाताऐवजी हाताने वेष्टण फाडण्याची मुभा दिली, शिपायांनी स्वतः वंगण तयार करावं असंही म्हटलं. पण तोवर विश्वास उडाला होता. मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी नाकारलेली काडतुसं तर एन्फिल्डची नव्हतीच, त्यांच्या जुन्याच आखूड बंदुकांची होती. त्यांनाही बेड्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी, मेरठ पेटलं.

मग लढाईत काय झालं? ज्यांनी ती रायफल नाकारली, ते बहुतेक जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका घेऊन लढले. १२ जुलै १८५७ ला फतेहपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेसमोर हॅवलॉकची तुकडी उभी राहिली. इंग्रजांची गोळी जिथून पोचत होती, तिथून शिपायांची पोचत नव्हती. जिंकल्यावर हॅवलॉकने आपल्या सैनिकांना उद्देशून जो हुकूम काढला, त्यात विजयाचं श्रेय तोफखान्याला, सैनिकांच्या हिमतीला आणि देवाला दिलं, आणि त्याच यादीत एन्फिल्ड रायफलीलाही. शिपायांपुढचा पेच किती क्रूर होता पाहा. काडतूस दाताने तोडलं तर धर्म जातो, न तोडलं तर नजरेचा पल्ला जातो. आपल्या इमानाची एवढी किंमत त्यांनी मोजली. त्याला अडाणीपणा म्हणणं मला आता जमत नाही.

यापुढची गोष्ट मी कोणत्याही शालेय पुस्तकात वाचली नव्हती. लढा दडपल्यावर सरकारने बहुतेक हिंदी पलटणींसाठी १८५८ चा एक वेगळा नमुना बनवला. दिसायला एन्फिल्डच. पण आतल्या पीळदार खाचा काढून नळी ०.६५६ इंच रुंद आणि गुळगुळीत केलेली, आणि वरची शिडी काढून तिथे एक ठोकळ्यासारखी पक्की पट्टी बसवलेली. अंतराप्रमाणे खालीवर होणारी नजरच काढून घेतली. गोऱ्या सैनिकाने लांबचं पाहून मारायचं आणि काळ्या शिपायाने समोरचं. पुढे इंग्रजांकडे स्नायडर आली तेव्हा हिंदी पलटणींकडे तोंडाने ठासायच्या जुन्या बंदुका, आणि त्यांच्याकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा यांना स्नायडर. डोंगरी तोफखाना सोडला तर तोफाही हिंदी हातांतून गेल्या. १८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने सामान्य माणसाच्या घरातली बंदूकही परवान्याखाली आली.

हिंदी शिपायाला हे जमणार नाही म्हणून असं केलं, असंही नाही. त्याच काळात मुंबई सैन्याचा तोफखाना अधिकारी जॉन जेकब सिंधमध्ये स्वतःची दुनळी रायफल घडवत होता. तिची पट्टी २००० यार्डांपर्यंत आखलेली होती. ती रायफल त्याला आपल्या हाताखालच्या हिंदी शिपायांसाठीच हवी होती. १८५८ मध्ये त्याला 'जेकब्स रायफल्स' ही पलटण उभी करायची परवानगीही मिळाली, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो जेकबाबादला वारला. जेकब साम्राज्याचाच माणूस होता, त्याला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पण शिपायाची नजर कच्ची होती हा समज त्याच्या एका उदाहरणाने खोटा ठरतो. प्रश्न कुवतीचा नव्हता, भरवशाचा होता.

मुंबई सैन्यातलाच दुसरा एक अधिकारी, डेव्हिड डेव्हिडसन, रायफलीवर दुर्बीण बसवण्याच्या खटाटोपात होता. साध्या पट्टीत डोळ्याला तीन गोष्टी एकदम पाहाव्या लागतात : मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो, बाकीचं धूसर होतं. चाळिशी लागलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची तार एकाच जागी येतात. ही तार प्रथम बसवली १६४० च्या सुमारास इंग्लंडच्या विल्यम गॅस्कॉइनने, तारे मोजण्यासाठी. डेव्हिडसनची दुर्बीण पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात व्हिटवर्थ रायफलींवर, नळीच्या डाव्या बाजूला बसवून, वापरली गेली.

या काचेच्या मुळाशी बसऱ्यात जन्मलेला इब्न अल-हैथम आहे. त्याच्या आधी युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारख्यांचं म्हणणं होतं की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत लिहिलेल्या 'किताब अल-मनाझिर'मध्ये त्याने प्रयोगांच्या आधारे दाखवलं की प्रकाश वस्तूकडून सरळ रेषेत डोळ्यात येतो. लॅटिन भाषांतरातून हे पुस्तक युरोपात पोचलं, १५७२ मध्ये बाझेलला छापलं गेलं, केप्लरने अभ्यासलं. आमच्या अनेक उर्दू शाळांच्या भिंतीवर त्याचं चित्र असतं. आम्ही त्याच्याखाली उभं राहून अभिमानाने भाषणं करतो. मीही केली आहेत. पण त्याची खरी सवय, म्हणजे थोरामोठ्यांचं म्हणणं तपासून पाहायची, ती वर्गात किती चालू देतो? मागच्या बाकावरून प्रश्न आला की आम्ही म्हणतो, "शिस्तीत बसा."

दुसऱ्या तासाला मी त्या मुलीला उत्तर दिलं. सांगितलं, जुनी बंदूक शंभर यार्ड पाहायची, नवी नऊशे यार्ड. आपल्या शिपायांना ती शिकवायला घेतली, आणि लढा झाल्यावर त्यांच्या बंदुकीवरून ती नजर काढून घेतली. फळ्यावर माशी, खाच आणि शिडी काढून दाखवली, गोळीची वाकडी वाट काढली. मग 'शिस्त' लिहून त्याचे दोन्ही अर्थ लिहिले.

ती वहीत उतरवून घेत होती. मध्येच थांबून म्हणाली, "सर, मग हे पुस्तकात का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. पण या वेळी तिला गप्प बसवलं नाही. वहीत लिहून ठेव म्हटलं. यंदा नवी आठवी आली आहे. धडा तोच आहे, पण सुरुवात मी आता चरबीने करत नाही. फळ्यावर आधी ती शिडी काढतो.