टक्कल आणि कट-पेस्ट

परवा कटिंगला बसलो होतो. न्हाव्याने मागून आरसा धरला आणि डोक्यावर बशीएवढा चंद्र दिसला. वय ३१! हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी केली. मग म्हटलं, पैसे भरण्याआधी इतिहास तरी वाचू.

सुएटोनियस लिहितो की ज्युलियस सीझर टक्कल झाकायला केस पुढे विंचरायचा. कायम पर्णमुकुट घालायचा मान मिळाला, तेव्हा स्वारी भलतीच खूश झाली म्हणे!

जपानच्या डॉ. ओकुदांनी १९३९ साली केसरोपणावर लिहिलं, पण महायुद्धाच्या गदारोळात ते बाहेर फारसं पोचलंच नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी टकलावर केस लावले. १९५९ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला: मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, म्हणून टिकतो. सगळी शस्त्रक्रिया या एका गोष्टीवर उभी आहे. तेव्हाचे ४ मिलिमीटरचे पुंजके बाहुलीच्या केसांसारखे दिसायचे; आता एकेक मूळ सुटं लावतात.

पण मित्रांनो, हे कॉपी-पेस्ट नाही, कट-पेस्ट आहे. मागचा साठा मोजकाच, आणि टक्कल काही थांबत नाही. आत्ताच सगळा साठा उधळला, तर पंचेचाळिशीत पुढे बेट आणि मागे समुद्र!

घरी बाबांचा चाळिशीतला फोटो काढून पाहिला. कानापर्यंत मैदान साफ, आणि चेहऱ्यावर मस्त हसू. तूर्तास त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय, आणि कटिंग एकदम बारीक.

असो.