किकच्या जमान्यापासून सेल्फपर्यंत : मोटारसायकलच्या बॅटरीची कुळकथा

मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजारला जायचं असो, कारंजाला की शेतात, माणूस बहुधा मोटारसायकलवरच निघतो. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी सेल्फ नुसताच ‘टक टक’ करतो आणि दोष थंडीला जातो. खरा घाव मात्र मे महिन्यातला असतो. वऱ्हाडात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या बॅटरीतलं पाणी आटतं आणि धन प्लेटची शिशाची जाळी आतून गंजत जाते. दहा अंश उष्णता कायमची वाढली की आयुष्य निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, एवढंच. उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी तेव्हा उघडी पडते.

या शिशाच्या घराण्याचा मूळपुरुष फ्रान्सचा गास्तों प्लांते. 1859 मध्ये त्याने शिशाचे दोन पत्रे मध्ये अडसर घालून गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. वीज साठवून ती परत देणारी ही पहिली बॅटरी. 1881 मध्ये कामीय फोर याने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि साठवण वाढली. शिसं मऊ, लेप धरून ठेवणारी जाळी वाकायची. म्हणून त्याच सुमारास तिच्यात अँटिमनी मिसळू लागले. जाळी ताठ झाली, पण अँटिमनीमुळे चार्ज होताना पाणी फुटून वायू उडू लागला. मेकॅनिक ‘बॅटरीत पाणी टाक’ म्हणतो, त्या कामाचा उगम या मिश्रणात आहे.

गंमत अशी की सुरुवातीच्या बऱ्याच मोटारसायकलींना बॅटरी लागतच नव्हती. ठिणगी मॅग्नेटो द्यायचा. बॉशच्या कारखान्यात 1902 मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार झाला होता. दिवा कार्बाइडच्या वायूवर जळायचा. विजेचे दिवे आणि हॉर्न आले, तशी गाड्यांवर बॅटरीही आली. आपल्याकडे 1955 पासून मद्रासला बुलेट आणि 1961 पासून म्हैसूरला जावा बनू लागली. 1969 मध्ये पुण्याजवळ चिंचवडला एक्साइडच्या बॅटऱ्यांचा कारखाना उभा राहिला. पण खेडोपाडी बॅटरीकडे दुर्लक्षाची सवय लावली ती 1985 च्या हिरो होंडा सीडी 100 सारख्या गाड्यांनी. त्यांची ठिणगी मॅग्नेटच्या कॉइलवर चाले; बॅटरी मेली तरी किक मारली की गाडी निघे. फार तर हॉर्न बंद. बॅटरीकडे दुर्लक्ष करणं तेव्हा परवडत होतं.

आता ते परवडत नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही जळतो. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं, बहुतेक गाड्यांचं कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं; त्याच्या पेट्रोल पंपाला आणि कंट्रोल युनिटला पुरेशी वीज लागते. कित्येक गाड्यांची किकही गेली. घराण्यातली ही धाकटी पाती आता घर चालवते, तिची काळजी मात्र अजून जुन्या रीतीने घेतली जाते, हे मला खटकतं.

तिची जात ओळखली की काळजी समजते. झाकणं उघडणारी असेल तर दोन रेषांच्या मध्ये पातळी ठेवावी, ती डिस्टिल्ड वॉटरने. बोअरचं पाणी नको; त्यातले क्षार प्लेट खातात. वरून ॲसिडही ओतू नये, कारण उडालेलं असतं ते पाणी. सीलबंद बॅटरी वेगळ्या वंशाची : 1935 मध्ये बेल प्रयोगशाळेत शिसं-कॅल्शियमची जाळी निघाली, 1957 मध्ये जर्मनीच्या सोनेनशाइन कंपनीत जेल आली. अशी बॅटरी उघडायचीच नसते.

दोन्हींचा शत्रू एकच, रिकामं पडून राहणं. तसं झालं की प्लेटवर शिशाचं सल्फेट कडक होऊन बसतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ऋण वायर सोडून ठेवावी. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी व्होल्टमीटरवर 12.6 व्होल्ट किंवा वर दाखवते, 12.4 च्या खाली आली की चार्जिंगला लावावी. इंजिन रेस केल्यावर साधारण चौदा दिसले पाहिजेत. पंधरावर गेले तर दोष रेग्युलेटरचा. तो न बदलता बॅटरी बदलली तर नवीही उकळून मरेल. हे न तपासता शेतकऱ्याच्या गळ्यात नवी बॅटरी घालणं मला अन्यायाचं वाटतं.

बदलताना आधी ऋण टोक सोडावं. गाडीची चौकट ऋणाला जोडलेली असते. धन आधी सोडताना पाना चौकटीला लागला तर मोठी ठिणगी उडते. लावताना धन आधी. बॅटरी मूळ मापाची आणि तेवढ्याच ॲम्पिअर-अवरची घ्यावी. कोरी, ॲसिड भरायची असेल तर भरल्यावर अर्धा तास मुरू द्यावी, मग हळू चार्ज करावी. घाईत बसवलेली बॅटरी पुढे कधीच पूर्ण भरत नाही. टोकांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला की पांढरी-हिरवी बुरशी धरत नाही.

जुनी मात्र घरी ठेवू नये आणि तिचं ॲसिड नालीत ओतू नये. विक्रेत्याने ती परत घ्यावी असा नियम 2001 मध्ये आला, आणि 2022 च्या नियमांनी गोळा करून वितळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आतल्या शिशाला भाव असतो. बदलीत ती रक्कम बिलातून वजा करून घ्यावी.