तुंबाड चित्रपटाचे कथास्रोत

तुंबाड हा राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी भयपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या पटकथेचे मूळ मराठी भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथेत आहे, तर शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेले आहे. धारपांच्या ‘आजी’ या कथेमागे अमेरिकन लेखक स्टीवन किंग यांची ‘ग्रॅमा’ ही कथा असल्याने या चित्रपटाची साहित्यिक वंशावळ एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भयकथांपर्यंत मागे नेता येते. एका विशिष्ट कथेचे सरळ रूपांतर असे मात्र त्याला म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी

साहित्यातील भयकथा पडद्यावर आणण्याची परंपरा भारतात बंगालीत ठळक दिसते. रवींद्रनाथ टागोरांच्या कथांवर तपन सिन्हा यांनी ‘क्षुधित पाषाण’ (१९६०) आणि सत्यजित राय यांनी ‘तीन कन्या’मधील ‘मोनिहारा’ (१९६१) केला. मराठीत धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यासारखे मोठा वाचकवर्ग असलेले भयकथाकार असूनही त्यांच्या कथा चित्रपटांपेक्षा दूरचित्रवाणीकडेच अधिक वळल्या. मतकरींच्या कथांवर ‘गहिरे पाणी’ आणि धारपांच्या कथांवर ‘अनोळखी दिशा’ या मालिका झाल्या. ग्रंथालयांतून हातोहात फिरून जीर्ण झालेली धारपांची पुस्तके आठवणाऱ्या वाचकाला ही उपेक्षा विशेष जाणवते.

‘ग्रॅमा’ ते ‘आजी’

किंग यांची ‘ग्रॅमा’ १९८४ साली ‘वीअर्डबुक’ या भयकथांना वाहिलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली व पुढील वर्षी ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात समाविष्ट झाली. भावाला दुखापत झाल्याने आई रुग्णालयात गेली आहे आणि जॉर्ज हा लहान मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ घरात एकटा आहे, एवढाच तिचा प्रसंग. आजी जादूटोणा करणारी होती हे त्याला हळूहळू उमगते. आजीला ‘हास्टर’च्या नावाने आडवे होण्यास सांग, असे त्याची मावशी त्याला दूरध्वनीवरून बजावते.

तुंबाडच्या पहिल्या भागात हीच मांडणी ओळखू येते. धाकटा भाऊ सदाशिव झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन उपचारांसाठी बाहेर पडते आणि साखळदंडांनी बांधलेल्या शापित आजीला खाऊ घालण्याचे काम एकट्या विनायकवर येते. येथेही तिला झोपवण्याचा उपाय एका नावाचा उच्चार हाच आहे, आणि ते नाव आहे ‘हस्तर’.

धारपांनी इंग्रजी भयकथांमधील कल्पना मराठी घरात, मराठी नात्यांत आणून बसवल्या. त्यांची ‘लुचाई’ किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर आणि ‘शपथ’ ‘इट’वर बेतलेली मानली जाते. त्यांच्या लेखनाला केवळ उसनवारी म्हणणे अन्यायाचे आहे; तरीही मूळ लेखकाचे ऋण नोंदवण्याचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. ‘तुंबाड’च्या यशानंतर धारपांचे नाव मराठीबाहेर पोहोचले, तेव्हा हाच प्रश्न नव्याने पुढे आला.

हस्तर या नावाचा प्रवास

‘हास्टर’ हे नाव अँब्रोज बिअर्स यांच्या १८९१ मधील ‘हाइता द शेफर्ड’ या कथेत आढळते. तेथे तो मेंढपाळांचा सौम्य देव आहे; भीतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. रॉबर्ट डब्ल्यू. चेंबर्स यांनी ‘द किंग इन यलो’ (१८९५) या संग्रहात ते नाव घेतले, पण ते व्यक्तीचे की स्थळाचे हे धूसरच ठेवले. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’ (१९३१) या कथेत ते इतर गूढ नावांच्या यादीत केवळ उल्लेखापुरते येते. त्याला एका भयंकर आदिम शक्तीचे रूप दिले ते ऑगस्ट डर्लेथ यांनी. ‘द रिटर्न ऑफ हास्टर’ (१९३९) ही त्यांचीच कथा.

चित्रपटातील हस्तरची कथा यांपैकी कोणाचीच नाही. तो पूर्तीच्या देवीचा पहिला पुत्र आहे. सोने हस्तगत केल्यावर तो धान्याकडे वळतो, तेव्हा इतर देव त्याच्यावर हल्ला करतात. देवी त्याला वाचवते, मात्र त्याची कधीही पूजा होणार नाही या अटीवर. धान्याला न पोहोचल्याने तो कायमचा भुकेला आहे. म्हणून विनायक कणकेची बाहुली घेऊन देवीच्या गर्भात उतरतो आणि हस्तर ती खात असताना त्याच्या लंगोटातील सुवर्णमुद्रा लुटतो. लव्हक्राफ्टच्या परंपरेतील शक्तींना माणसाची पर्वा नसते. येथे मात्र देवाची आणि माणसाची हाव एकाच जातीची आहे. हा बदल मूळ स्रोतांपासूनचे सर्वांत मोठे अंतर म्हणावे लागेल.

चित्रपटातील विस्तार

कथानक १९१८, १९३३ आणि १९४७ या तीन टप्प्यांत घडते. ‘ग्रॅमा’शी साम्य असलेला भाग पहिल्या टप्प्यातच संपतो. पुढे विनायकचे पुण्यातील सुखवस्तू आयुष्य, सावकार राघवशी होणारा मुद्रांचा व्यवहार, मुलगा पांडुरंगला दिलेली चोरीची दीक्षा आणि स्वातंत्र्यानंतर सरकारजमा होऊ घातलेला वाडा हे सारे पटकथेचे स्वतंत्र निर्माण आहे. ‘तुंबाडचे खोत’मधून कथानक घेतलेले नाही. कोकणातील एका घराण्याच्या अनेक पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास सांगणाऱ्या त्या कादंबरीत असा हस्तर नाही. घराण्याचा वारसा हा विषय मात्र दोन्हींकडे आहे.

निर्मिती

बर्वे हे ‘हमीदाबाईची कोठी’ या नाटकाचे लेखक अनिल बर्वे यांचे पुत्र. १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने धारपांची कथा सांगितली व तिने आपल्याला घाबरवून सोडले, असे त्यांनी सांगितले आहे. पटकथेचा पहिला खर्डा १९९७ मधला. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, परंतु पुढे चित्रपटाचे पुनर्लेखन व पुनर्चित्रीकरण करावे लागले. पाऊस खरा हवा म्हणून अनेक पावसाळे थांबून चित्रण झाले. वाड्यासाठी सासवडचा पुरंदरे वाडा वापरण्यात आला. आनंद गांधी सर्जनशील दिग्दर्शक, आदेश प्रसाद सहदिग्दर्शक आणि पंकज कुमार छायालेखक होते. प्रमुख भूमिका सोहम शाह यांची आहे. मोहम्मद समद यांनी पांडुरंग आणि शापित आजी या दोन्ही भूमिका केल्या.

प्रतिसाद

व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा २०१८ मधील प्रारंभ या चित्रपटाने झाला. छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनिआरेखन यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी तिकीटबारीवरील प्रतिसाद बेताचाच होता. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली.

‘ग्रॅमा’ची इतर रूपांतरे

‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन मालिकेत १९८६ साली या कथेवर एक भाग झाला. त्याची पटकथा हार्लन एलिसन यांची होती. पीटर कॉर्नवेल दिग्दर्शित ‘मर्सी’ (२०१४) हा चित्रपटही याच कथेवर आधारित आहे.