लॉटरीचं तिकीट आणि वाडीतली यादी

दिवाळी जवळ आली की मालवणच्या बाजारात लॉटरीच्या टेबलाभोवती माणसं रेंगाळू लागतात. दोरीला चिमट्याने लावलेली तिकिटं, वर मोठ्या अक्षरात बक्षिसाचा आकडा. मासळी विकून परतणारी बाई, रिक्षावाला, गवंड्याच्या हाताखालचा पोरगा, सगळे क्षणभर थांबतात. आम्हीही थांबलो आहोत. खोटं कशाला सांगा, एका वर्षी वाडीतल्या आम्ही सात जणांनी पैसे काढून बंपरचं तिकीट घेतलं. लागलं नाही. पण सोडतीपर्यंत रोज संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसून आम्ही ते बक्षीस खर्च करत होतो, आणि त्या खर्चाची यादी आजही आम्हाला पाठ आहे.

एकाने बुलेट मागितली, ती एकमताने मंजूर झाली. बाकीची यादी मात्र वेगळी होती. आमच्यातला वयाने मोठा असलेला दादा म्हणाला, "पयली जागा घेतलंय. माझ्या नावावरची." दुसऱ्याला स्लॅबचं घर हवं होतं. तिसऱ्याला मुलीचं नर्सिंग पूर्ण करायचं होतं, चौथ्याला विहीर, पाचव्याला आईचं ऑपरेशन.

मित्रांनो, ही चैनीची यादी आहे का? गरीब माणूस लॉटरीत पैसे घालवतो म्हणून त्याला अक्कल शिकवणारे पुष्कळ भेटतात. त्याने मनात काय खरेदी केलं हे कुणी विचारत नाही. आम्हाला तिथूनच बोलायचं आहे, कारण त्या यादीतली एकेक गोष्ट नशिबाने हुकलेली नाही. ती कुणीतरी अडवून ठेवलेली होती.

जागेचंच घ्या. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, त्याआधी तो रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. या जिल्ह्यात खोत सरकारचा सारा गोळा करायचा आणि स्वतःचा हिस्सा कुळाकडून वर काढायचा. कसणारा एक, धान्य दुसऱ्याच्या कणगीत. कुळं सगळ्या जातींची होती. कुणबी होते, मराठा होते, आणि सगळ्यात खाली आपली माणसं होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर धडकला. त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेब कोकणच्या दौऱ्यात कणकवलीला आले. विधेयक त्या वेळी मंजूर झालं नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. म्हणजे जमिनीसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी सोडत लागायची वाट पाहिली नव्हती. ते बोटीत बसून मुंबईला मोर्चाला गेले होते.

कायदा झाला तरी जमीन सगळ्यांच्या नावावर आली नाही. ज्याचं कूळ म्हणून नावच कुठे लागलं नव्हतं तो तसाच राहिला, आणि मुंबईच्या गिरणीत गेला. तिथेही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. ज्याला जातीमुळे कमी पगार मिळतो त्याला पगारातून जागा कशी घेता येणार?

याच गिरणगावात आकडा वाढला. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर पैसे लागायचे. दिवसभर कापसाच्या धुळीत उभा राहणारा कामगार संध्याकाळी कापसाच्याच भावावर चवली-पावली लावायचा. ते भाव यायचे थांबले, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत मटका सुरू केला. दोन वर्षांनी रतन खत्री उतरला. गावाला येणाऱ्या मनीऑर्डरीतले किती पैसे त्या मडक्यात गेले, ते आपल्या आज्या सांगायच्या.

यावर सरकारने काय केलं? १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू केली. केरळने १९६७ सालीच असा प्रयोग केला होता. कारण सांगितलं गेलं की लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये आणि तिजोरीत पैसा यावा. यातली पहिली अर्धी गोष्ट आम्हाला कधीच पटली नाही. मटका त्यानंतरच बहरला.

इथे संविधान सभेतला एक प्रसंग आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असला पाहिजे. सप्टेंबर १९४९ मध्ये राज्यांच्या अधिकारांच्या सूचीतला 'पैज आणि जुगार' हा विषय चर्चेला आला. काही सभासद म्हणाले, हा विषयच काढून टाका, संविधानात जुगाराचं नाव कशाला? बाबासाहेबांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा: नोंद काढली म्हणजे जुगार थांबत नाही, उलट त्याच्यावर नियंत्रणच उरणार नाही, तुम्हाला तो नकोच असेल तर तो गुन्हा ठरवणारं कलम आणा, ही नोंद असल्यामुळे राज्याला बंदी घालण्याची पूर्ण ताकद मिळते. म्हणजे ही नोंद त्यांच्या डोक्यात जुगार रोखण्यासाठी होती. सरकारी लॉटरी हा विषय केंद्राच्या सूचीत वेगळा आहे, हे खरं. पण १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापार म्हणून संरक्षण नाही असं सांगितलं, आणि बारा वर्षांत सरकार स्वतःच तिकिटं छापू लागलं.

आणि त्या तिकिटांची नावं बघा. सागरलक्ष्मी, गणेशलक्ष्मी, वैभवलक्ष्मी. धर्मनिरपेक्ष राज्याच्या अर्थखात्याचा कागद आहे हा! दैव नावाची जी कल्पना आपल्याला हजारो वर्षं जागच्या जागी बसवायला वापरली, तीच कल्पना पैसे घेऊन पुन्हा आपल्याला विकली जाते. शिवाय कर आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी लागतो. बक्षीस लागलंच, तर दहा हजारांवरच्या रकमेवर ३० टक्के कर आधी कापला जातो. दिवास्वप्नातला एक कोटीसुद्धा अख्खा हातात येत नाही.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराची सहा नुकसानं सांगितली आहेत. त्यातलं एक असं की जुगारी माणसाचा शब्द सभेत कुणी धरत नाही. त्याच सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले: एक उपभोगाला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला. आम्ही हे वाडीत वाचलं तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "चार भाग करूक आधी कमाय होयी ना!" त्यांचं काय चुकलं?

पुढे तर लॉटरी हक्कातच घुसली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनीवर टॉवर उठले. कामगारांनी घरासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, आणि जून २०१२ मध्ये म्हाडाने घरांची सोडत काढली. सुमारे सात हजार घरं, अर्ज दीड लाखाच्या आसपास. ज्या जमिनीवर घाम गाळला तिथलं घर मिळायला नंबर लागावा लागतो! कोकणातले कितीतरी म्हातारे गिरणीचा पास जपून ठेवून नंबर लागायच्या आधी गेले.

आता विहाराच्या पायरीवरची यादी. गेल्या वर्षी ती आम्ही कागदावर उतरवली आणि प्रत्येक गोष्टीसमोर लिहिलं, ही कुणाकडे मागायची. घर: रमाई आवास. विहीर: डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना. नर्सिंग: भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. जागा: दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना, भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. ऑपरेशन: महात्मा फुले जनआरोग्य योजना. बुलेटसमोर काही लिहिता आलं नाही.

योजना कागदावर आहेत म्हणजे सगळं झालं असं आम्ही म्हणत नाही. १९९७ पासून सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा आहे; सरकारी दरात किनाऱ्याजवळ जमीन कोण विकणार? दादाला आम्ही हे सांगितलं. तो म्हणाला, कातळावरची दिली तरी चालेल, अर्ज तर करा. तिकीट तो अजून घेतो. परवा बाजारातून येताना तिकिटासोबत त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आपल्या वडिलांचा शाळेचा दाखला आणून दिला. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. दाखल्यावर साल आहे १९४६, अक्षर पुसट आहे, पण वाचता येतं.