जुहूचा पडदा आणि वूशूचा गालिचा

जुहूच्या किनाऱ्यालगत हिंदी चित्रपटसृष्टीतील मंडळी वस्तीला आली आणि मुंबईच्या या उपनगराची ओळख पडद्याशी कायमची जोडली गेली. चिनी युद्धकलाही मुंबईकरांच्या घरात शिरली ती आखाड्यातून नव्हे, तर याच पडद्यावरून. १९७३ सालच्या 'एंटर द ड्रॅगन'मुळे ब्रूस ली सर्वतोमुखी झाला, १९८३ मध्ये मिथुन चक्रवर्ती यांचा 'कराटे' आला आणि बँकॉकला थाई मुष्टियुद्ध शिकून आलेले जुहूवासी अक्षय कुमार २००९ मध्ये 'चांदनी चौक टू चायना'त कुंग फूचे हात करताना दिसले. बोलीभाषेत जपानी, चिनी आणि थाई अशा सगळ्याच प्रकारांना 'कराटे' हा एक शब्द पुरला; चीनमध्ये नियम, गुण आणि पंच यांच्या चौकटीत बसवलेला 'वूशू' हा खेळ मात्र येथे जवळजवळ अनोळखीच राहिला.

'वू' म्हणजे युद्ध आणि 'शू' म्हणजे कसब. घराण्याघराण्यांत व गावोगावच्या गुरूंकडे विखुरलेली ही कसबे एका छत्राखाली आणण्यासाठी १९२८ मध्ये नानजिंग येथे मध्यवर्ती संस्था निघाली आणि त्या काळी या विद्येला 'ग्वोशू', म्हणजे राष्ट्राची कला, असे अभिमानाचे नाव मिळाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला चीनने पाठवलेल्या पथकात सहा पुरुष व तीन स्त्रिया असे नऊ ग्वोशूपटू होते. त्यांतील झेंग ह्वाईश्यान हे लोखंडी त्रिशूल हातात न धरता खांद्यांवरून, पाठीवरून आणि दंडांवरून गरगर फिरवण्यात निष्णात होते. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी व्यायाम व खेळ युरोपीय प्रेक्षकांपुढे मांडले. पारतंत्र्यातील विदर्भ आणि जपानी आक्रमणाच्या छायेतील चीन, दोघांचीही धडपड एकच होती: आपल्या मातीतली कसरत जगाच्या मोजपट्टीवर उतरवणे.

पुढे मात्र चीनने हे काम सरकारी नेटाने केले. बर्लिनला गेलेल्या झांग वेनग्वांग यांच्यासारख्या जाणत्यांच्या हातून १९५० च्या दशकात ठरीव हालचालींचे आराखडे तयार झाले, १९५९ मध्ये स्पर्धेचे नियम छापले गेले आणि 'ताओलू' ही शाखा आकाराला आली. ताओलूत प्रतिस्पर्धी नसतोच. चौदा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद गालिच्यावर खेळाडू एकटाच, रिकाम्या हातांनी अथवा तलवार, भाला वा काठी घेऊन, काल्पनिक शत्रूशी लढतो. हवेत उडी घेऊन दोन पूर्ण गिरक्या मारतो आणि पाय पुढेमागे ताणून थेट जमिनीवर उतरतो, तेव्हा तोल किंचित ढळला तरी पंच गुण कापतात. १९७० च्या दशकात याच गालिच्यावर राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा बीजिंगचा ली लियानजिए १९८२ च्या 'शाओलिन टेंपल'मधून पडद्यावर आला आणि 'जेट ली' या नावाने जगाला ठाऊक झाला. पडद्यावर दिसणारे ते लालित्य, जे अनेकांना निव्वळ कॅमेऱ्याची करामत वाटते, ते अशा प्रकारे स्पर्धेतच घासूनपुसून तयार झाले होते.

महाराष्ट्राला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, तो मुळात कुस्तीगिराचा सराव होता. आज तिथेही प्रतिस्पर्धी नसतो, खेळाडू सलामीपासून उडीपर्यंतचा संच ठरलेल्या वेळात बांधतो आणि हातांच्या कड्यातून अंग ओवून घेणारा सुईदोरा किती सफाईने झाला, यावर पंच गुण देतात. मल्लखांबाच्या राष्ट्रीय स्पर्धा १९८१ मध्ये सुरू झाल्या, तर वूशू १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ झाला; २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत हे दोन्ही खेळ एकत्र आले.

वूशूची दुसरी शाखा 'सांदा', म्हणजे उंच चौथऱ्यावरची प्रत्यक्ष झुंज. तीत ठोसा, लाथ आणि कुस्तीसारखी फेक चालते व प्रतिस्पर्ध्याला चौथऱ्याखाली ढकलणेही डावच मानले जाते. भारताचे नाव झाले ते याच शाखेत, आणि तेही मुख्यतः मणिपूर व हरियाणाच्या खेळाडूंमुळे. मणिपूरच्या संध्याराणी देवी यांनी २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळवले, हरियाणाच्या पूजा कादियान २०१७ मध्ये कझानला जगज्जेत्या ठरल्या आणि २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धांतून रोशिबिना देवी रौप्यपदक घेऊन आल्या. त्या वेळी चीनने अरुणाचल प्रदेशाच्या तीन मुलींचा प्रवेश अडवल्यामुळे भारताचे वूशू पथक त्यांच्यावाचून उतरले होते, हेही नोंदवले पाहिजे.

२००६ च्या दोहापासून २०२३ च्या हांगझूपर्यंत आशियाई स्पर्धांत भारताने वूशूची दहा पदके मिळवली. ती सर्वच्या सर्व सांदातील आहेत. ज्या ताओलूचे रूप जुहूने पडद्यावर पाहिले, तिच्यात एकही नाही.