ग्राफिक्स कार्डांचे किंमतयुद्ध
संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या मध्यम किमतीच्या गटात जून २००८ मध्ये मोठी उलथापालथ झाली. एएमडीच्या 'रेडिऑन एचडी ४८५०' व '४८७०' या कार्डांत ४८० प्रक्रिया-घटक असतील, असा आधी तर्क होता. प्रत्यक्षात ते ८०० निघाले. किमती मात्र अनुक्रमे १९९ व २९९ डॉलरच होत्या. एनव्हिडियाचे 'जीफोर्स जीटीएक्स २६०' त्याच महिन्यात ३९९ डॉलरना आले होते. काही आठवड्यांतच ते २९९ वर आणावे लागले. एनव्हिडियाची चिप ५७६ चौरस मिलिमीटरची, तर एएमडीची सुमारे २५६ची होती. सिलिकॉनच्या एका चकतीतून लहान चिप अधिक निघतात, म्हणून त्या स्वस्त पडतात. घाईने खरेदी करणाऱ्यांना शंभर डॉलरचा भुर्दंड पडला; थांबलेल्यांचे तेवढेच वाचले.