पोटखराब्यातलं गवत

आजचा विषय ऐकून काही जण मनात म्हणाले असतील, नदीकाठच्या गवताला कसला आलाय इतिहास? वसईचा इतिहास म्हटला की १५३४चा पोर्तुगीजांचा तह येतो, १७३९ची चिमाजीअप्पांची मोहीम येते, किल्ला येतो. गवत येत नाही. पण आज किल्ल्याकडे पाठ करून आपण तालुक्याच्या पूर्वेला जाऊ, तानसा नदीच्या काठावर.

भाताण्याकडचा पांढरतारा पूल आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. वर्षानुवर्षं तो पावसाळ्यात पाण्याखाली जात आला. पूल बुडाला, पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला, की बातमी होते. पाणी उतरल्यावर काठावर काय उरतं, याची बातमी होत नाही. आपण तिथूनच सुरुवात करू.

पुराचं पाणी एकटं येत नाही. वाळू, गोटे, ओंडके घेऊन येतं आणि काठ खरवडून काढतं. आदल्या वर्षी रुजलेलं करंजाचं, जांभळाचं रोप त्यात मुळासकट जातं. मग टिकतं कोण? वरचा भाग तुटला तरी ज्याचं खालून निभतं, ते. हरळीची आडवी खोडं जमीन धरून असतात. लव्हाळ्याच्या गाठी मातीखाली असतात. कासाची खोडं वाळूत दूरवर पसरलेली असतात. पावसाळा सरताना त्याला पांढरे तुरे येतात, बी वाऱ्यावर उडतं, आणि नेमकी त्याच वेळी पाणी उतरून ओली, मोकळी वाळू उघडी पडलेली असते. खडकाच्या भेगांत शेरणी असते. कण्हेरीसारखी अरुंद पानं, लवचिक फांद्या. पावसाळ्यात ती पाण्याखाली आडवी होते आणि पात्र कोरडं झालं की फुलते. व्हॅन स्टीनिस नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८१ साली वाहत्या पाण्यात जगणाऱ्या अशा जगभरच्या वनस्पतींवर एक ग्रंथच लिहिला.

महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी राहतात, हा दाखला तुकोबांनी नम्रतेसाठी दिला. आज आपण तो शब्दशः घेऊ या. पूर दरवर्षी झाडांची रोपं उपटतो, म्हणून गवताला ऊन आणि जागा मिळते. पूर नसेल तर हळूहळू तिथे झुडपं येतील, मग झाडं येतील.

आता इतिहासाकडे येऊ. या जिल्ह्याच्या इतिहासात गवत आहेच, बरं का. पण ते दुसरं गवत. १८६४ साली बीबीसीआय रेल्वे वैतरणा आणि वसईची खाडी ओलांडून मुंबईला पोचली. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिच्या तबेल्यात ९०० घोडे होते असं सांगतात. शिवाय म्हशींचे गोठे, बग्ग्या, टांगे. या सगळ्यांना चारा हवा. आपल्या पट्ट्यातल्या वरकस जमिनीवरचं गवत कापून, दाबून, त्याच्या गाठी बांधून रेल्वेनं मुंबईला जाऊ लागलं. गवताला भाव आला, वखारी आल्या, व्यापारी आले.

आणि कापणारे कोण? आदिवासी, मुख्यतः वारली. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं, उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत त्यांनी गवतकापणीचा संप केला. मागणी काय होती? ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली. म्हणजे गवत ही किरकोळ गोष्ट नव्हती. तिच्यापायी रक्त सांडलं आहे.

पण लक्षात घ्या, हे सगळं माळावरच्या, विकल्या जाणाऱ्या गवताबद्दल झालं. नदीकाठचा कास जून झाला की जनावर त्याला तोंड लावत नाही. लव्हाळ्याची गाठ कोण बांधणार? जे बाजारात गेलं नाही ते हिशेबात आलं नाही, आणि जे हिशेबात नाही ते इतिहासातही नाही. सातबारावर अशा जमिनीपुढे एक शब्द येतो, पोटखराबा. लागवडीला अयोग्य. शेतसाऱ्याच्या दृष्टीनं शब्द बरोबर आहे. चूक आपली, की आपण त्याचा अर्थ ‘निरुपयोगी’ असा लावला.

या काठाचं नशीब मात्र मुंबईतच ठरत होतं. १८९२ साली तानसा धरण झालं. पुढे वैतरणेवर १९५७ला मोडकसागर, मग सत्तरच्या दशकात अप्पर वैतरणा, २०१४ला मध्य वैतरणा. मुंबईची तहान खरी होती, आजही आहे. मी धरणांच्या विरोधात बोलायला उभा नाही. फक्त धरण काय करतं ते पाहू. उन्हाळ्याअखेर ते रिकामं असतं, म्हणून हंगामातले पहिले, लहानमोठे पूर पोटात घेतं. ते भरल्यावर मोठा पाऊस झाला की पाणी सोडावंच लागतं. म्हणजे काठ झाडून काढणारे नेहमीचे पूर कमी होतात आणि मोठा पूर अधूनमधून येतच राहतो.

मधल्या वर्षांत काठावर घाणेरी, बेशरम यांना पाय रोवायला सवड मिळते. त्यातच रेतीचा उपसा. कासाला लागते ती ताजी वाळूच उचलून नेली, तर बी पडणार कुठे? गवत पाण्याखाली झोपतं आणि त्याची मुळं माती धरून ठेवतात. झुडपांत कचरा अडकतो, तिथे पाणी तुंबतं. आणि काठ भरून बांधकाम केलं तर पाण्याला पसरायला जागाच उरत नाही.

जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, लोकल बंद, घराघरांत पाणी. त्या पाण्याची कारणं अनेक होती, सगळा दोष एका गोष्टीवर टाकता येणार नाही. पण धडा तोच आहे. २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांना घरं हवीत, आणि ‘पडीक’ दिसणारी जमीन सगळ्यात आधी डोळ्यांत भरते. तिथेच पाण्याची वाट असते.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या आसपास एकदा तानसेच्या काठी जा. कास जिथपर्यंत फुललेला दिसेल तिथे थांबा आणि शेजारच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजींना विचारा, पाणी कुठवर येतं? त्या हात करून दाखवतील. त्या हाताची आणि त्या तुऱ्यांची रेघ जुळली, तर समजा, पुराची नोंद कुणीतरी ठेवली होती. सातबाऱ्यावर नव्हे, गवतानं ठेवली होती. इमारतीचा नकाशा मंजूर करण्याआधी ती वाचायला हवी.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.